विटोमिरचा एकच आकडा

पिरोतमध्ये वस्तूची किंमत विचारणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि सांगितलेली किंमत लगेच मान्य करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आमच्या गावच्या चिक्कूपणावर सगळा सर्बिया विनोद करतो. आम्हीही करतो, कारण विनोदाला पैसे पडत नाहीत. इथे विकणारा शंभर म्हणतो, घेणारा चाळीस म्हणतो, मग दोघं कॉफी पितात, एकमेकांच्या म्हाताऱ्यांची चौकशी करतात, घेणारा दोनदा दारापर्यंत जाऊन परत येतो आणि शेवटी सत्तरला हात मिळवतात. सत्तर हा आकडा दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असतो. पण एवढं नाटक झाल्याशिवाय त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

अशा गावात विटोमिर जन्माला आला आणि अडुसष्ट वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक गोष्टीला एकच आकडा सांगत राहिला. त्याची सगळी कर्मकहाणी एवढ्यात येते.

निशावा नदीच्या पुलाजवळ त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं फुटपाथवर थांबायचं. घड्याळं दुरुस्त करून घेणारे आता राहिले नव्हते, पण घरातल्या पेटीत सापडलेली जुनी नाणी घेऊन लोक येत. विटोमिर डोळ्याला भिंग लावायचा, नाणं कडेनं धरायचा, तराजूवर ठेवायचा आणि आकडा सांगायचा. योग्य आकडा. तो पुढे कधी वर सरकला नाही की खाली उतरला नाही. लोक ऐकायचे, मनातल्या मनात त्याची दुप्पट करायचे आणि नाणं खिशात घालून निघून जायचे.

तरुणपणी त्याने एकदा बाजारातून कोकरू घेतलं होतं. धनगराने किंमत सांगितली, ती योग्य होती, म्हणून याने लगेच पैसे काढून दिले. धनगर संध्याकाळी दारू पिऊन याच्या दारात आला आणि रडायला लागला. म्हणाला, "तू हो म्हणालास म्हणजे मी नक्कीच कमी सांगितले. किती कमी सांगितले तेवढं सांग, मी काही मागत नाही." विटोमिरने तासभर त्याची समजूत घातली. धनगर गेला, पण विटोमिरला त्यानं मरेपर्यंत माफ केलं नाही.

त्याची बायको देसान्का शहाणी बाई. ती म्हणायची, "अहो, तीस द्यायचे असतील तर आधी वीस म्हणावं. मग दहा वाढवावेत. माणूस हसत घरी जातो. तुम्ही तीस म्हणता आणि तीस देता, मग लोकांना वाटतं चाळीस होते."

"पण तीसच होतात ना?"

"होतात हो. पण लोकांचं समाधान कुठे होतं?"

यावर विटोमिर वैतागून घड्याळात डोकं घालायचा.

या स्वभावाचा त्याला खरा फटका बसला तो त्र्याण्णव साली. पैशाची माती झाली होती ते वर्ष. सकाळचा पगार संध्याकाळी काडेपेटीलाही पुरायचा नाही. तेव्हा त्याचा मित्र बुदिमिर, शाळेपासूनचा, राजा मिलानच्या काळातलं पाच दिनारचं चांदीचं नाणं घेऊन आला. थोराड, आजोबांच्या वेळेपासून घरात पडलेलं. घरात पीठ नव्हतं आणि सात वर्षांच्या रुझित्साला हिवाळ्याचे बूट नव्हते. विटोमिरने नाणं पाहिलं आणि म्हणाला, चाळीस जर्मन मार्क. त्या दिवशीचा तोच भाव होता. बुदिमिरने घेतले, पीठ आणलं, बूट आणले. महिन्याभराने त्याला कुणीतरी सांगितलं की सीमेपलीकडे बल्गेरियात, सोफियाला, तसल्याच नाण्याला एकाने शंभर मार्क मोजले.

बुदिमिर भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने त्याचा विनोद केला. खानावळीत कुणी काही विकायची गोष्ट काढली की तो ग्लास वर करून म्हणायचा, "विटोमिरकडे जा, तो तुम्हाला अगदी प्रामाणिकपणे लुटेल." सगळे हसायचे. विटोमिरही हसायचा, करतो काय. बुदिमिर हे वाक्य तेरा वर्षं म्हणत राहिला आणि एके दिवशी हृदय बंद पडून गेला. वाक्य मात्र गावात राहिलं. विटोमिरने ते नाणं विकलं नाही. तारीख आणि किंमत लिहिलेल्या कागदी पाकिटात, टेबलाच्या खालच्या खणात ते तसंच पडून होतं. मोठी किंमत आली तरी काढलं नाही, कारण ते जास्त किमतीला विकलं असतं तर बुदिमिरचं वाक्य खरं ठरलं असतं.

बुदिमिर गेल्यावर सहा वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, त्याची बायको स्तामेन्का दुकानात आली. ती या दुकानात आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. पिशवीतून तिने लोकरीचा मोजा काढला आणि टेबलावर उपडा केला. अकरा नाणी. दहा लहान, एक आणि दोन दिनारची, आणि एक मोठं, बुदिमिरने विकलं होतं त्याचंच भावंड.

"भावोजी, छप्पर गेलंय," ती म्हणाली. "अर्धी कौलं फुटलीत. पाऊस आला की मी बादल्या घेऊन घरभर फिरते. याचे काय येतील बघा."

विटोमिरने भिंग लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. लहान नाणी चांगली होतीच, पण मोठं नाणं सव्वाशे वर्षांत कुणाच्या फडक्याने पुसलेलं नव्हतं. त्याच्यावर काळी-निळी साय धरली होती, एकसारखी, कुठेही ओरखडा नाही. हिशोब करायला त्याला अर्धा तास लागला. तो मुद्दाम हळू करत होता, कारण गावातल्या सगळ्या टेबलांपैकी ज्या एका टेबलावर आपला शब्द खरा ठरावा असं त्याला वाटत होतं, ते बुदिमिरच्या घरचं होतं. स्तामेन्काने एकदा मान डोलवून 'बरोबर आहे' म्हणावं, मग बाकीच्या पिरोतने काय वाटेल ते म्हणावं.

"मोठ्याचे तीस हजार दिनार," तो म्हणाला. "दहा लहानांचे मिळून चोवीस. एकूण चोपन्न."

स्तामेन्काने थोडा वेळ वाट पाहिली. पुढचा आकडा येईल म्हणून. तो आला नाही.

"बरं," ती म्हणाली आणि नाणी परत मोज्यात भरायला लागली.

"वहिनी, विका नाहीतर ठेवा, तुमची मर्जी. पण एक ऐका. धुऊ नका, घासू नका, पुसूसुद्धा नका. ही काळी साय आहे ना, पैसे तिचे आहेत. ती गेली की उरली नुसती चांदी."

"कळलं हो. मी काय लहान आहे?"

आठवड्याने ती आली ती जावयाला घेऊन. ल्युबिशा, रुझित्साचा नवरा, ट्रक चालवायचा आणि मधल्या वेळात फोनवर जगाचं ज्ञान गोळा करायचा. त्याने फोन विटोमिरच्या नाकासमोर धरला.

"काका, हे बघा. हेच नाणं. दोन हजार युरो, म्हणजे दोन लाखांवर दिनार."

"ही मागितलेली किंमत आहे, ल्युबिशा. कुणी दिली का?"

"मागितलीय म्हणजे मिळत असणार."

"मी उद्या माझी जुनी सायकल चंद्रावर जाते असं सांगून विकायला काढतो. मिळतील का तिचे दोन हजार?"

ल्युबिशा सायकलीचा विचार करायला लागला. स्तामेन्का हळूच म्हणाली, "पंचावन्न म्हणा की भावोजी. जीवाला बरं वाटेल."

एक हजाराने विटोमिर काही बुडणार नव्हता. पण पंचावन्न म्हटलं असतं तर आठवड्यापूर्वीचे चोपन्न खोटे ठरले असते, आणि मग साठ का नाही, सत्तर का नाही. "चोपन्न," तो म्हणाला. सासू-जावई निघून गेले.

तिसऱ्यांदा ती आली ती थेट निश शहरातून, बसमधून उतरून. तिथल्या एका व्यापाऱ्याला नाणी दाखवून आली होती.

"त्याने पस्तीस सांगितले," ती म्हणाली.

विटोमिरचा चेहरा उजळला. आतातरी बाईला कळलं असेल, असं त्याला वाटलं. त्याने बसायला स्टूल पुढे केलं.

"मग मी बसमध्ये विचार करत आले," स्तामेन्का बसत म्हणाली. "एवढा मोठा व्यापारी, काचेचं दुकान, तो पस्तीस म्हणतो. आणि तुम्ही चोपन्न. एकोणीस हजार जास्त. का बरं? त्याला ठाऊक नाही असं तुम्हाला काहीतरी या नाण्यांबद्दल ठाऊक असणार."

विटोमिरने भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

"वहिनी, मी कमी सांगितलं असतं तर मी चोर. जास्त सांगितलं तरी मी चोर. मग साव असायला मी काय सांगायचं, ते तरी सांगा."

"चिडताय कशाला? मी आपलं विचारलं."

"त्याने पस्तीस सांगितले कारण तो लुटतोय. मी चोपन्न सांगितले कारण त्यांची किंमत चोपन्न आहे. इतकं साधं आहे हो हे."

"साधं असतं तर तुम्ही असे ओरडला नसता," ती म्हणाली आणि मोजा घेऊन गेली.

त्या रात्री देसान्काने नवऱ्यासमोर सूप ठेवलं आणि त्याचा चेहरा बघून म्हणाली, "अजून सांगते, चाळीस म्हणून सुरुवात करायला हवी होती. आत्तापर्यंत त्या घरावर नवी कौलं असती." विटोमिर सूप ढवळत राहिला. त्याला सगळ्यात जास्त राग याचा आला होता की ती खरं बोलत होती.

डिसेंबर सरला. छपराचं काही झालं नाही, नाण्यांचंही नाही. आणि मग आमच्या नाताळच्या, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीच्या, चार दिवस आधी स्तामेन्काचा फोन आला. "भावोजी, यंदा पहिल्या पावलाचे पाहुणे तुम्ही या."

नाताळच्या सकाळी घराचा उंबरा जो पहिल्यांदा ओलांडतो, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं. हा मान कुणालाही मिळत नाही. ज्याचा हात शुभ, ज्याचं मन स्वच्छ, त्यालाच बोलावतात. बुदिमिरच्या घरचं हे आमंत्रण विटोमिरला त्र्याण्णवपर्यंत दरवर्षी असायचं आणि त्यानंतर एकदाही नव्हतं. फोन ठेवल्यावर तो देसान्काला म्हणाला, "माझा काळा कोट इस्त्रीला टाक." देसान्काने हसू दाबलं आणि कोट काढला.

सात जानेवारीला सकाळी सात वाजता तो बर्फ तुडवत गेला. उजवं पाऊल आत टाकलं, चुलीतला ओकचा ओंडका फांदीने ढोसला, ठिणग्या उडाल्या, आणि तो म्हणाला, "जितक्या ठिणग्या तितकं आरोग्य, तितकी कोकरं, तितका पैसा, तितकं सुख." स्तामेन्काने त्याच्या अंगावर गहू उधळला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि त्याला टेबलाच्या वरच्या टोकाला बसवलं. तिथे बुदिमिर बसायचा. छताच्या कोपऱ्यात ओलीचा मोठा डाग होता आणि त्याच्याखाली बादली. डुकराच्या पायांची थरथरती जेली, कोबीच्या पानांतलं सारण, बाटलीने लाटून चपटी केलेली पिरोतची सॉसेज, सगळं मांडलेलं. रुझित्सा, ल्युबिशा, स्तामेन्का आणि तो.

मग चेस्नित्सा आली, नाताळची भाकरी. ती सुरीने कापत नाहीत. सगळ्यांनी मिळून धरायची, तीनदा फिरवायची आणि हातांनी तोडायची. भाकरीत एक चांदीचं नाणं भाजलेलं असतं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं. पण नाणं पाहुण्याच्या तुकड्यात निघालं तर घराचं नशीब त्याच्याबरोबर बाहेर जाऊ नये म्हणून घरच्यांनी ते त्याच्याकडून विकत सोडवायचं. किंमत पाहुण्याने सांगायची आणि घरच्यांनी ती मुकाट्याने द्यायची. त्या एका दिवशी पिरोतमध्येही भाव करत नाहीत. पाहुणा अर्थात घरची फळांची दारू मागतो, 'एक ग्लास रकिया', सगळे हसतात आणि जेवायला लागतात.

भाकरी तीनदा फिरली. स्तामेन्काने ती आणखी अर्धा फेरा फिरवली, हे विटोमिरच्या लक्षात आलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. तुकडा तोडून तोंडात घातला आणि दाताखाली टणक काहीतरी आलं.

त्याने ते तळहातावर काढलं. मोठं नाणं होतं. राजा मिलान त्याच्याकडे बघत होता, नव्या कोऱ्या चमच्यासारखा लखलखीत.

"पाहुण्याला निघालं," ल्युबिशा खूश होऊन म्हणाला. "सांगा काका किंमत. आता तुम्ही विकणार आणि आम्ही घेणार."

रुझित्सा ताटात बघत होती. स्तामेन्काच्या मांडीवर तिची पैशांची पिशवी आधीपासूनच होती. विटोमिरला सगळं एका क्षणात कळलं. पायगुण नाही, शुभ हात नाही, बुदिमिरची खुर्ची नाही. त्याला परीक्षेला बोलावलं होतं.

"मुद्दाम केलंत ना, वहिनी?"

"केलं," स्तामेन्का म्हणाली. तिने नजर चुकवली नाही. "घेताना सगळेच कमी सांगतात. तुमच्यावर राग नाही, जगाची रीतच आहे. म्हटलं, विकायची वेळ आली की भावोजी काय सांगतात ते एकदा ऐकू. आज खोटं बोललात तर पाप तुम्हाला. आणि जे सांगाल ते मी देईन. माझ्याकडे साठ हजार आहेत, रुझित्साकडून उसने घेतलेत."

विटोमिरला राग आला होता, पण तिच्या डावाचा नव्हता, म्हणजे त्याचाही होता, पण तो नंतर बघता आला असता. तो नाण्याकडे बघत होता.

"हे घासलं कुणी?"

"मी. दुसरं कोण?"

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं हो. नोव्हेंबरपासून मी बोट लावलं नाही. पण भावोजी, ही देवाची भाकरी. सव्वाशे वर्षांचा मळ तसाच पिठात घालू? सोडा लावला, जुन्या ब्रशने चांगलं तासभर घासलं. बघा कसं निघालंय."

ती अभिमानाने सांगत होती. विटोमिरने नाणं खिडकीशी नेलं. भिंगाची गरजच नव्हती. राजाच्या गालावर, केसांवर, दाढीवर ब्रशचे बारीक ओरखडे उभे-आडवे पसरले होते.

'एक ग्लास रकिया' म्हणून मोकळं होता आलं असतं. देसान्का असती तर तिने टेबलाखालून पाय मारून तेच म्हणायला लावलं असतं. तीस हजार म्हणता आलं असतं, तर ही बाई म्हणाली असती, घेताना तीस आणि विकतानाही तीस, म्हणजे माणूस खरा. आणि त्याला वीस वर्षं जे हवं होतं ते मिळालं असतं. पण ती खरोखरच तीस मोजणार होती, उसन्या पैशांतले, आणि या नाण्याचे आता तीस येत नव्हते.

"पाच," तो म्हणाला.

"पाच काय?" ल्युबिशाने विचारलं.

"पाच हजार. नुसती चांदी आहे ही आता, थोडंफार वर. पाच हजार."

बादलीत एक थेंब पडला.

"काका, तुमचं उलटं होतंय," ल्युबिशा समजावत म्हणाला. "घेताना कमी आणि विकताना जास्त सांगायचं असतं. तुम्ही घेताना तीस सांगितले होते."

"तेव्हा तीस होते. वहिनींनी पंचवीस हजार ब्रशने घासून मोरीत सोडले."

"म्हणजे आता तुम्हाला पाचच हवेत?"

"मला काही नको आहे रे बाबा. किंमत विचारलीत, किंमत सांगितली. गेली चाळीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

स्तामेन्का त्याच्याकडे बघत राहिली. ती हिशोब करत होती, हे दिसत होतं. घेताना तीस आणि विकताना पाच सांगून कुणी कुणाला कसं लुटेल, ते ती शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला, कारण एकदा त्याच्यावर विश्वास ठेवला की पंचवीस हजार गेले यावरही विश्वास ठेवावा लागत होता.

"खरंच तीस होते," ती म्हणाली.

"होते."

तिने पिशवी उघडली, हजाराच्या पाच नोटा काढल्या आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. घासाघीस नाही, उसासा नाही. नाणं उचलून तिने देवाच्या तसबिरीमागे ठेवलं. सोडवलेलं नाणं वर्षभर तिथेच राहतं, विकत नाहीत. विटोमिरला नोटा घ्याव्या लागल्या, कारण सोडवणुकीचे पैसे परत केले तर घराला लागतं. त्याने जेली खाल्ली, सॉसेज खाल्लं, कशाचीच चव लागली नाही. निघताना रिवाजाप्रमाणे त्याला लोकरीचे मोजे भेट मिळाले. ते त्याने कोटाच्या खिशात कोंबले.

सण तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी त्याने दुकान उघडलं तेव्हा स्तामेन्का फुटपाथवर उभी होती. आत आली, तोच लोकरीचा मोजा टेबलावर उपडा केला. दहाही नाणी झगझगीत.

विटोमिर खुर्चीत बसला.

"एकाच पातेल्यात टाकली होती," ती म्हणाली. "म्हटलं, एकाला एवढं चमकवलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

त्याला ओरडायचं होतं. त्याने तोंड उघडलंही, पण ओरडून काय होणार होतं? त्याने भिंग लावलं आणि एकेक नाणं कडेनं धरून पाहिलं. पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी दहाही पाहिली, दहाही तोलली.

"नऊ हजार," तो म्हणाला.

आता ती बोलेल, असं त्याला वाटलं. आता म्हणेल, भावोजी, चोवीस सांगितले होते ना, निदान पंधरा तरी द्या. तो थांबला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की समोरच्याने भांडावं.

"बरं," स्तामेन्का म्हणाली आणि हात पुढे केला.

"बरं काय, वहिनी? छपराला पन्नास लागतात. नवात काय येणार?"

"न्हाणीवरचे पत्रे येतील. बाकीच्यावर ल्युबिशा ताडपत्री घालून देणार आहे. तो फोन दाखवायला आला होता ना, आता शिडी चढेल."

"काही बोलणार नाही? भाव नाही करणार?"

"तुम्ही सांगितलंत ना नऊ?"

"सांगितलं."

"मग नऊच असणार," ती म्हणाली.

विटोमिरने नऊ हजार मोजून दिले. तिने न मोजता पिशवीत टाकले. पिरोतमध्ये पैसे न मोजता पिशवीत टाकणारं माणूस त्याने तोवर पाहिलं नव्हतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"भावोजी, त्यांनी विकलेलं ते नाणं अजून आहे तुमच्याकडे?"

विटोमिरने खालचा खण ओढला, पाकीट काढलं आणि नाणं फडक्यावर ठेवलं. काळं-निळं, सायीसकट, जसं त्र्याण्णवला आलं होतं तसं. त्याला एकदम सुचलं. "घेऊन जा हे. मी दिले होते तेवढ्यालाच. चाळीस मार्कांना."

"मार्क आता चालतात कुठे?" ती म्हणाली. मग पाकिटावरची तारीख वाचत म्हणाली, "आणि चाळीस बरोबर होते तेव्हा. रुझित्साचे बूट तीन हिवाळे टिकले."

विटोमिरने भिंग उगाचच पुसायला घेतलं. ती नाण्यावर वाकली. दोन्ही हात तिने पाठीमागे एकमेकांत धरले होते, चुकून लागू नयेत म्हणून. बराच वेळ बघितल्यावर ती सरळ झाली आणि शाल डोक्यावर घेतली.

"तेवढं घासू नका हं, भावोजी," ती म्हणाली, आणि पुलाच्या दिशेने निघून गेली.